महाराष्ट्रातली सर्वांत मोठी कंपनी कोणती? चार गट, चार उत्तरं

खडूफळा :
मी अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना एक काम दिलं होतं. चार गट करायचे आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या २५ कंपन्यांची यादी करून आणायची. मला वाटलं, पहिली पाच-सात नावं सगळ्यांची सारखीच येतील, पुढे थोडं खालीवर होईल. झालं भलतंच.

पहिल्या क्रमांकाला चार गटांची चार नावं. एका गटाने उलाढाल धरली, त्यांची रिलायन्स पहिली. दुसऱ्याने नफा धरला, त्यांची स्टेट बँक. तिसऱ्याने माणसं मोजली, त्यांची टीसीएस. चौथ्या गटाने 'खासगी' म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड असं धरून टाटा सन्स वर ठेवली. प्रत्येकाकडे कागद होते. वर्गात नुसता गलका.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती तोंड उघडत नाही. म्हणाली, "मॅडम, आमचे पप्पा वाळूजला ज्या कंपनीत आहेत तिथं तीन पाळ्या चालतात. पण ती कुठल्याच यादीत नाही."

मला उत्तर देता आलं नाही आणि ते तेव्हापासून मनात टोचतंय. दरवर्षी मासिकं आणि वर्तमानपत्रं अशा क्रमवाऱ्या छापतात, त्या ठरतात कशा? आणि राज्यापुरती यादी करायची तर 'महाराष्ट्रातली कंपनी' कुठली म्हणायची? जाणकारांनी सांगावं.

ताळेबंद :
मॅडम, चारही गटांना पैकीच्या पैकी मार्क द्या. मी सीए आहे, आणि माझ्या मते चौघांचंही बरोबर आहे. मापं वेगळी, म्हणून उत्तरं वेगळी.

उलाढालीचं माप जुनं. अमेरिकेतल्या फॉर्च्यून मासिकाने १९५५ मध्ये पहिली ५०० ची यादी छापली ती उलाढालीवरच, आणि जनरल मोटर्स पहिली आली. आपल्याकडे उलाढालीत रिलायन्स सर्वांत पुढे आहे. २०२३-२४ मध्ये त्यांचा एकत्रित महसूल १० लाख कोटींच्या पुढे गेला, देशात असं पहिल्यांदाच घडलं.

नफ्यात मात्र गंमत आहे. त्याच वर्षाचे स्टँडअलोन आकडे, म्हणजे उपकंपन्या न धरता, असे आहेत : स्टेट बँक ६१,०७७ कोटी, एचडीएफसी बँक ६०,८१२ कोटी, रिलायन्स ४२,०४२ कोटी. आता कन्सोलिडेटेड घ्या, म्हणजे जिओ, रिटेल वगैरे सगळं कुटुंब धरून. रिलायन्स ६९,६२१ कोटींवर जाते आणि स्टेट बँक तिच्या मागे पडते. वर्ष तेच, कंपन्या त्याच, दोन्ही आकडे लेखापरीक्षित. फक्त वार्षिक अहवालाचं पान बदललं. मुलांना आधी हे विचारा की आकडा कुठल्या पानावरून उचलला.

कन्सोलिडेटेडमध्ये दुहेरी मोजणीचा धोकाही आहे. एचपीसीएल, म्हणजे हिंदुस्थान पेट्रोलियम, मुंबईची. पण जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने तिचा ५१.११ टक्के हिस्सा सरकारकडून ३६,९१५ कोटींना घेतला. तेव्हापासून एचपीसीएलची विक्री ओएनजीसीच्या एकत्रित हिशेबातही धरली जाते. देशाच्या यादीत दोघींना वेगळ्या ओळी दिल्या, की तेच पेट्रोल दोनदा विकलं जातं. रिलायन्स रिटेल शेअर बाजारात नाही, म्हणून कुणी तिला असूचिबद्धांच्या यादीत घालतो, आणि आईच्या, म्हणजे रिलायन्सच्या, आकड्यात ती आधीच बसलेली असते.

सायली_म :
'सार्वजनिक' आणि 'खासगी' या शब्दांनी तर मीही फसले आहे. बोलताना आपण सार्वजनिक म्हणतो ते सरकारी या अर्थाने, आणि खासगी म्हणजे बिगरसरकारी. कायद्यात पब्लिक लिमिटेड आणि प्रायव्हेट लिमिटेड हा निराळाच फरक आहे : प्रायव्हेट लिमिटेडचे शेअर मोजक्या लोकांकडेच राहतात, जाहीरपणे विकता येत नाहीत. आणि याद्या करणारे बहुतेक वेळा विचारतात ते तिसरंच : शेअर बाजारात आहे की नाही?

महावितरण घ्या. सरकारी आहे, पब्लिक लिमिटेड आहे, पण शेअर बाजारात नाही. टीसीएस बिगरसरकारी, पब्लिक लिमिटेड आणि बाजारात आहे. सीरम इन्स्टिट्यूट बिगरसरकारी, प्रायव्हेट लिमिटेड, बाजारात नाही. 'सूचिबद्ध' आणि 'असूचिबद्ध' हेच शब्द वापरा, निम्मा घोळ मिटेल.

वर्धाकाठ :
मी चंद्रपूरचा. असल्या याद्या वाचल्या की मला एकच दिसतं : मुंबई, मुंबई, मुंबई, अधूनमधून पुणे. आमच्या जिल्ह्याचं नाव शोधून सापडत नाही.

आमच्याकडे काय नाही? २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळशाच्या खाणी आहेत, आवारपूरला सिमेंट आहे, बल्लारपूरला कागद आहे. वीज केंद्र महानिर्मितीचं, तिचं मुख्यालय वांद्र्याच्या प्रकाशगडात. सिमेंट अल्ट्राटेकचं, तीही मुंबईची. वेकोलिचं मुख्यालय निदान नागपूरला आहे, पण ती कोल इंडियाची उपकंपनी, आणि कोल इंडिया कोलकात्याची. म्हणजे आमच्या जमिनीतून निघालेला कोळसा देशाच्या यादीत बंगालच्या नावावर चढतो. उन्हाळ्यात अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी पूड मात्र आमच्याच नावावर राहते.

पत्त्यावरून केलेल्या यादीला राज्याची यादी म्हणायला माझी तयारी नाही. ती नरिमन पॉइंटची यादी आहे.

चर्चगेट_लोकल :
@वर्धाकाठ, तुमची कळकळ समजते. पण मुख्यालय म्हणजे नुसती पाटी नसते हो. पैसा कुठे गुंतवायचा, कारखाना कुठे काढायचा, कुणाला घ्यायचं, हे निर्णय तिथे होतात. वकील, सीए, बँका, जाहिरातवाले, छापखाने, या सगळ्यांची पोटं त्यावर चालतात. माझी ३१ वर्षं फोर्टातल्या एका ऑफिसात गेली. आमच्या कंपनीचा एकही कारखाना मुंबईत नव्हता, पण आमच्या मजल्यावर दोनशे माणसं होती. ती महाराष्ट्रात काम करत नव्हती, असं कसं म्हणायचं?

वर्धाकाठ :
तसं कुठे म्हटलं? तुमची दोनशे मोजा, जरूर मोजा. पण कारखान्यातली दोन हजारही मोजा, आणि ती जिथं आहेत तिथं मोजा. एवढंच मागणं आहे.

पोटमाळा :
'महाराष्ट्रातली कंपनी' ओळखायची एक सोपी खूण सांगतो. कंपनीच्या लेटरहेडवर किंवा बिलावर तळाशी बारीक अक्षरांत २१ अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक. आपण तो कधी वाचत नाही.

रिलायन्सचा असा आहे : एल१७११०एमएच१९७३पीएलसी०१९७८६. पहिलं अक्षर एल म्हणजे लिस्टेड. यू असेल तर अनलिस्टेड. पुढचे पाच अंक उद्योगाचे. मग राज्य, मग स्थापनेचं वर्ष, मग पीएलसी म्हणजे पब्लिक किंवा पीटीसी म्हणजे प्रायव्हेट, आणि शेवटी नोंदणीचा क्रमांक. मॅडमच्या चौथ्या गटाचा सगळा गोंधळ या एका ओळीत सुटतो.

आता त्यातले १७११० बघा. तो कापडाचा सांकेतांक आहे. तेल आणि मोबाइल विकणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात अजून तिचं कापडाचं मूळ टिकून आहे. टीसीएसच्या क्रमांकात १९९५ साल दिसतं, कारण तेव्हा कंपनी म्हणून नोंदणी झाली. काम १९६८ पासून टाटा सन्सचा एक विभाग म्हणून चालूच होतं. बजाज ऑटोच्या क्रमांकात २००७ दिसतं. आजोबांच्या काळापासूनची स्कूटर आणि वर्ष २००७! विभाजन झालं तेव्हा नवी कंपनी आली, तिचं ते वर्ष.

आणि मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगा. नुसतं 'एमएच' शोधलं तर पुण्याच्या बऱ्याच कंपन्या निसटतात. पुण्याच्या निबंधक कार्यालयात, म्हणजे जिथं कंपन्यांची नोंदणी होते तिथं, नोंदलेल्या कित्येक जुन्या कंपन्यांच्या क्रमांकात 'पीएन' असतं. बजाज ऑटो, भारत फोर्ज, पर्सिस्टंट, तिन्हींच्या क्रमांकात पीएन आहे. मी स्वतः एकदा यादी करताना सगळं पुणे गाळून बसलो होतो, दोन दिवस गेले.

सायली_म :
बाप रे, आत्ता घरातल्या सगळ्या बिलांचे तळ वाचून आले. वाचनखूण साठवली.

अटलांटिककाठ :
अमेरिकेत राहते म्हणून इथलं सांगते. इथे अनेक राज्यांतली वर्तमानपत्रं दरवर्षी आपापल्या राज्याची अशी क्रमवारी काढतात, आणि सूचिबद्ध व खासगी कंपन्यांच्या याद्या वेगळ्या ठेवतात. पण नोंदणीचा पत्ता धरत नाहीत, प्रत्यक्ष मुख्यालय धरतात. नोंदणी धरली तर डेलावेअर हे इवलंसं राज्य सगळ्यांच्या वर जाईल. फॉर्च्यून ५०० मधल्या निम्म्याहून जास्त कंपन्या कागदोपत्री तिथल्याच आहेत.

ताळेबंद :
@अटलांटिककाठ, आपल्याकडचं ठळक उदाहरण इंडियन ऑइल. नोंदणीकृत कार्यालय वांद्रे पूर्वेला अली यावर जंग मार्गावर, पण कॉर्पोरेट कार्यालय दिल्लीत. पत्त्याने धरली तर महाराष्ट्राच्या यादीत थेट वरच्या रांगेत, कारभाराने धरली तर यादीतच नाही. टाटा स्टील आणखी वेगळी. १९०७ पासून मुंबईची, पण कारखाना जमशेदपूरला. आणि जामनगरचा तेल शुद्धीकरण कारखाना गुजरातेत असूनही त्याची सगळी उलाढाल आपल्या यादीत येते. म्हणजे वर्धाकाठ यांचं दुखणं झारखंडच्या माणसालाही असणार, आणि त्याच्या बाबतीत फायदा आपल्याला होतो.

वर्धाकाठ :
हे मान्य. त्या बाजूने विचार केला नव्हता.

पंचगंगा :
आमच्या कोल्हापूरचं काय मग? साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या. यांतलं काहीच 'कंपनी' नाही. बहुतेक सगळ्या सहकारी संस्था, १९६० च्या सहकार कायद्याखालच्या. गोकुळचं दूध रोज मुंबई-पुण्याला जातं, पण सीआयएन नाही म्हणून यादीत नाही. लोणीला प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने. ग्रामीण महाराष्ट्राचं अर्थकारण त्यानं बदलून टाकलं. अशा संस्था बाहेर ठेवून केलेली यादी आमच्याकडच्या माणसाला राज्याची कशी वाटेल?

एसटी महामंडळही असंच. तेही कंपनी नाही, वेगळ्या कायद्याने झालेलं महामंडळ.

ताळेबंद :
पंचगंगा, मुद्दा अगदी खरा आहे, आणि यात एक विसंगती आहे. स्टेट बँकसुद्धा कंपनी कायद्याखालची कंपनी नाही. ती १९५५ च्या स्वतंत्र कायद्याने झाली, तिला सीआयएन नाही. एलआयसी १९५६ च्या कायद्याने झाली. बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ पासूनची, १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली. तरी या तिन्ही प्रत्येक यादीत असतात, कारण त्या शेअर बाजारात आहेत. म्हणजे यादी करणारे 'कंपनी' हा शब्द कायद्याने धरतच नाहीत. मग सहकारी संघांना दार बंद का? माझ्या मते त्यांची तिसरी यादी करावी. एकाच रांगेत नको, कारण उसाला जास्तीत जास्त दर देणं हे कारखान्याचं काम आहे, नफा साठवणं नाही. नफ्याच्या मापाने तो कायम गरीबच दिसेल.

गंगापूर_रोड :
बाजारमूल्याच्या, म्हणजे शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर या मापाच्या, यादीबद्दल कुणी बोललं नाही. माझा त्या मापावर मुळीच विश्वास नाही. १७ मे २०२२ ला एलआयसी बाजारात आली. ९४९ ला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी ८६७ ला उघडला. आदल्या दिवशीपर्यंत ती असूचिबद्ध होती, त्या दिवशी सूचिबद्ध झाली, आणि उघडताच कित्येक हजार कोटींनी 'लहान'ही झाली. आमच्या शेजारच्या एजंट काकांनी त्या दिवशीही नेहमीसारखेच हप्ते गोळा केले. कामात तसूभर फरक नव्हता.

चर्चगेट_लोकल :
बाजारमूल्य अगदीच टाकाऊ नाही हं. उलाढालीवर गेलात तर पेट्रोल आणि सोनं विकणारे कायम वर राहणार, कारण त्यांचा मालच महाग. मार्जिन पातळ असलं तरी आकडा फुगलेला दिसतो. औषध किंवा सॉफ्टवेअर कंपनी कमी विकून जास्त कमावते. ते बाजाराला कळतं.

वीजघर_निवृत्त :
महावितरणचं नाव निघालं म्हणून लिहितो. ६ जून २००५ ला वीज मंडळाचं विभाजन झालं आणि महावितरण, महानिर्मिती, महापारेषण अशा कंपन्या झाल्या. आम्ही सकाळी मंडळाचे कर्मचारी होतो आणि रात्री कंपनीचे. टेबल तेच, खुर्ची तीच, रजिस्टरवरचं नाव बदललं. मुंबईचा बराचसा भाग सोडला तर राज्यभर घराघरांत हिचं बिल जातं, पण 'राज्यातली मोठी कंपनी' म्हटल्यावर हिचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. असूचिबद्धांची यादी केली तर मुलांनी हिला विसरू नये.

लेथवाला :
सगळं वाचलं. आता लहान माणसाचं ऐका.

वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन, दोन जुने लेथ, अकरा माणसं. अशा यादीत वरच्या पानावर असलेल्या एका कंपनीला मी सुटे भाग देतो. नाव लिहीत नाही, उद्या परत तिथंच जायचंय. दर तीन-चार महिन्यांनी मिळणाऱ्या पैशांवर मी दर महिन्याचा पगार करतो. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात स्पष्ट आहे की आमच्यासारख्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. मागच्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या स्टोअरच्या बाकावर अडीच तास बसून होतो, बिलाच्या तीन प्रती हातात घेऊन. तिथल्या पोराने पाणी दिलं, चांगला होता बिचारा. म्हणाला, "शेठ, सिस्टिममध्ये दिसत नाही." त्या बाकाच्या समोरच्या भिंतीवर कंपनीच्या क्रमवारीचं मासिकातलं पान फ्रेम करून लावलंय.

मॅडम, मुलांच्या यादीत एक रकाना वाढवा. पैसे किती दिवसांत देते?

ताळेबंद :
लेथवाला, तुमचा रकाना भरायला काही माहिती खरंच उपलब्ध असते. ४५ दिवसांवर थकलेली लघुउद्योगांची देणी कंपन्यांनी सहा महिन्यांनी निबंधकाकडे कळवायची असतात. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्येही अशी देणी दाखवावी लागतात. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षाच्या खर्चात धरून करसवलत घेता येते. मुलांना वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवर 'सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी' ही ओळ शोधायला लावा.

आणि तुमचे पैसे अजून अडकले असतील तर व्यक्तिगत निरोप करा. अर्ज कसा करायचा ते सांगतो, फी नको.

सायली_म :
ताळेबंद दादा, हे वाचून बरं वाटलं.

पोटमाळा :
असूचिबद्ध कंपन्यांचे आकडे कुठून आणायचे, हेही सांगून टाकतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरले की त्या कंपनीने जमा केलेले जाहीर कागद बघता येतात. फक्त वेळेचा फरक लक्षात ठेवा. सूचिबद्ध कंपनीला मार्चअखेरचे निकाल ६० दिवसांत, म्हणजे मेअखेरपर्यंत द्यावे लागतात. बाकीच्यांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते, त्यानंतर ३० दिवसांत कागद जमा होतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये छापलेल्या यादीत बाजारातल्या कंपन्यांचं ताजं वर्ष आणि बाकीच्यांचं आदलं वर्ष शेजारीशेजारी बसलेलं असू शकतं. मुलांनी नोव्हेंबरनंतर यादी करावी.

खडूफळा :
सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा छापून वर्गात वाचला, दोन तास पुरला.

ठरलं ते असं. तीन याद्या : सूचिबद्ध, असूचिबद्ध, सहकारी. सरकारी असो वा नसो, मालक कोण हे रकान्यात येईल. माप उलाढालीचं, आकडे एकत्रित, आणि उपकंपनीला वेगळी ओळ दिली तर तिच्यापुढे मूळ कंपनीचं नाव. नोंदणीचा पत्ता आणि महाराष्ट्रातले कारखाने कुठल्या जिल्ह्यांत, असे दोन वेगळे रकाने, म्हणजे चंद्रपूर दिसेल. शेवटचा रकाना लेथवाला दादांचा. पहिला क्रमांक कुणाचा यावर आता भांडण नाही. मुलं विचारतात, "कशात पहिला?"

त्या मुलीच्या प्रश्नासाठी मात्र वर्गाबाहेर पडावं लागलं. कायद्याप्रमाणे प्रत्येक कंपनीने आपल्या कामाच्या जागेबाहेर नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लावायचा असतो, स्थानिक भाषेच्या लिपीतही. म्हणून परवाच्या शनिवारी आम्ही वाळूजला गेलो आणि एका रस्त्यावरच्या फाटकांवरच्या पाट्या वाचत चाललो. मोठ्या फाटकांवर मुंबई, पुणे, एका ठिकाणी चेन्नई. मुलं वहीत उतरवत होती. एका वॉचमननं विचारलं, "कुठल्या खात्याकडून आलात?"

तिच्या वडिलांच्या कंपनीचं फाटक छोटं, निळा रंग उडालेला. पाटीवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता होता तोच प्लॉट क्रमांक, एमआयडीसी वाळूज. तिने तो दोनदा मोठ्याने वाचला. मग स्वतःच म्हणाली, "मॅडम, ही इथलीच आहे. पूर्ण इथली." असूचिबद्धांच्या यादीत ती कितवी लागेल ते तिलाच शोधायला सांगितलंय. १०० रुपये वर्गाने काढले.

लेथवाला :
मॅडम, मुलांना माझ्याकडेही आणा. प्रोप्रायटरी आहे, म्हणजे माझ्या एकट्याच्या मालकीचं, कंपनी नाही, म्हणून यादीत बसत नाही. पण ताळेबंद देतो वाचायला, पानाला पान. येणी कुठे लिहितात ते खऱ्या कागदावर दिसेल.

खडूफळा :
येत्या शनिवारी साडेदहाला येतो. एकोणतीस मुलं आहेत. चहाच्या फंदात पडू नका, मशीन चालू असलेलं तेवढं दाखवा.